रंगारी सिस्टरने टाकलेली पानं

बावीस वर्षं मी पगार घेऊन पत्ते पिसले. सोयरिकीच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं, जावई काय करतात, तेव्हा वडिलांनी 'खाणीत आहे' एवढंच सांगून विषय बदलला होता. खोटं नव्हतं. राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत क्लब होता. त्याच्या मागच्या अंगाला पत्त्यांची खोली होती आणि ती खोली माझ्या ताब्यात होती.

काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की चहा नेऊन देण्याचं असेल. ते होतंच. पण खरं काम म्हणजे कॅट मोजून उघडायचा, बावन्न पानं भरली की पिसायचा, वाटायचा, डाव संपला की पानं उलटीच गोळा करायची. पैसे टेबलावर दिसता कामा नयेत, म्हणून रंगीत प्लास्टिकचे बिल्ले द्यायचे. भांडण झालं तर निकाल द्यायचा. खाणीत ज्यांच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, अशा साहेबांना त्या खोलीत मी 'साहेब, तुमची चाल झाली' असं सांगू शकत होतो. आणि सर्वांत मोठा नियम असा, की कोणी टाकलेली पानं आपण पाहायची नाहीत. चुकून दिसली तर मरेपर्यंत बोलायचं नाही.

एकदा भर डावात इस्पिकची राणी गायब झाली. मॅनेजरसाहेब डॉक्टरांकडे पाहू लागले, डॉक्टर मॅनेजरसाहेबांकडे. दोघांनी बाह्या झटकून दाखवल्या. मी दार लावून घेतलं आणि टेबल रिकामं करायला लागलो, तर राणी डॉक्टरांच्या बशीच्या बुडाला सांडलेल्या चहानं चिकटलेली. त्यानंतर वर्षभर ते दोघे एकमेकांशी बेताचंच बोलत होते. पत्त्यांच्या खोलीत माणूस किती चटकन चोर ठरतो, हे मी तिथं शिकलो.

आमच्याकडे रमी चालायची, तीन पत्ती चालायची. ऐंशी सालानंतर खाणीत नवी यंत्रं आली, त्यांच्याबरोबर परदेशी इंजिनियर आले आणि ते पोकर घेऊन आले. खेळ सोपा आहे. प्रत्येकाला पाच पानं. ती पाहून पहिली चाल लावायची. मग नको असलेली पानं एकदाच बदलून घ्यायची आणि पुन्हा चाल लावायची. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून एकासारखी एक तीन पानं मोठी, तीन पानं आणि वर एक जोडी असेल तर फारच मोठं, आणि एकाच मोलाची चारही पानं आली तर विचारायलाच नको. चालीला मात्र हद्द नाही. समोर जेवढे बिल्ले असतील तेवढे सगळे एका झटक्यात पुढे सारता येतात. समोरच्यानं एक तर तेवढेच लावायचे, नाही तर पानं टाकून द्यायची. सगळ्यांनी पानं टाकली तर उरलेला माणूस न दाखवताच ढीग उचलतो. म्हणजे हातात काही नसतानाही हूल देऊन जिंकता येतं, आणि सगळी मौज आणि सगळा नाश तिथंच आहे.

यंत्रं बसली आणि परदेशी लोक गेले. आमचे मेंबर खेळ शिकले होते, पण तो संध्याकाळचा पेला हातात धरून शिकले होते. नीट शिकलं एकच माणूस, आणि ते क्लबात कधी आलंच नव्हतं.

रंगारी सिस्टर खाणीच्या दवाखान्यात मेट्रन होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं बारीक, पांढरं पातळ, आवाज कधी चढलेला नाही. नवरा लवकर गेला, दोन मुली नागपूरला शिकायला होत्या. त्या परदेशी इंजिनियरांपैकी एकाचा पाय यंत्राखाली सापडून मोडला आणि तो दोन महिने त्यांच्या वॉर्डात पाय टांगून पडून होता. त्याला यांचं मराठी कळत नव्हतं, यांना त्याची भाषा कळत नव्हती. दुपारी वॉर्ड शांत झाला की तो पानं वाटायचा. बिल्ले म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. दोन महिन्यांत त्या माणसानं आपल्याजवळ होतं ते सगळं शिकवलं, असं सिस्टर सांगत. जाताना कॅट त्यांना देऊन गेला.

एका रविवारी दुपारी तीन वाजता त्या पत्त्यांच्या खोलीत आल्या आणि बसायला जागा आहे का म्हणून विचारलं. टेबलावर चौघे होते. मॅनेजरसाहेब, डॉक्टर, कोळसा वाहणाऱ्या ट्रकांचे मालक सेठ आणि खाणीचे स्टोअरकीपर मडावीबाबू. सेठ हसले आणि म्हणाले, या, या, आमची जेवायची वेळ झालीच होती; म्हणजे बकरा आपण होऊन आला. सिस्टरही हसल्या. त्यांनी सेठच्या डाव्या हाताची खुर्ची मागून घेतली.

पहिले चार रविवार त्या जवळजवळ खेळल्याच नाहीत. पानं उचलायच्या, पाहायच्या, टाकायच्या. तीन तासांत चार-पाच डाव. सेठ म्हणायचे, सिस्टर खेळायला येतात की पंख्याखाली बसायला? पाचव्या रविवारी त्यांच्याकडे चांगला हात आला, त्यांनी भलीमोठी चाल लावली आणि सेठनं ती मोजली, म्हणजे तेवढेच बिल्ले लावले, कारण सेठ प्रत्येक चाल मोजत. त्या दिवशी सेठ रिकाम्या हातानं उठले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. दीड वर्ष मी ते पाहत होतो. दीड वर्ष हरूनही सेठचं म्हणणं एकच, बायकांच्या हाताला पानं चांगली येतात.

पानं सर्वांना सारखीच येत होती. मी वाटत होतो.

क्लब बंद करून मी माझ्या क्वार्टरकडे निघायचो तेव्हा दवाखान्यापर्यंत आमचा रस्ता एकच. त्या वाटेवर मी एकेक विचारायचो आणि त्या सांगायच्या. कच्च्या खेळणाऱ्याला हरवायचं तर फार हुशारी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दहांतले आठ हात टाकून द्यावेत. टाकलेल्या डावात पानं पाहायची नसतात, तेव्हा माणसं पाहावीत. चांगला हात आला की लाजू नये, भरपूर लावावं, कारण कच्चा माणूस कुतूहलापोटीच पैसे भरतो. खुर्ची अशी धरावी की जो अंदाधुंद खेळतो त्याची चाल आपल्या आधी यावी. आणि हुलीबद्दल मी विचारलं तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ज्याले सोडता येत नाई, त्याले हूल कायची देता, रामटेकेभाऊ? सेठले मी दीड वर्षात एकदाई हूल नाई दिली. ते पानं टाकतच नाईत. हूल शहाण्यालेच देता येते."

टेबलावर असा शहाणा एकच होता, मडावीबाबू. अहेरीच्याही पलीकडे जंगलातलं त्यांचं गाव. आईवडिलांनी मोहफुलं, टेंभुर्णीची पानं वेचून शिकवलेलं, गावातून नोकरीला लागलेले ते पहिले. बोलणं थोडं, खेळणं त्याहून थोडं. वाईट पानं निमूट टाकायचे, चांगली असली तर दुसऱ्याच्या चालीएवढे बिल्ले लावायचे, स्वतःहून चाल कधी वाढवायचे नाहीत. फार हरत नसत, फार जिंकतही नसत. गावाकडच्या घरावर गवताचं छप्पर होतं, त्यावर कवेलू, म्हणजे कौलं, घालायचे म्हणून दिवाळीच्या बोनसची वाट पाहत होते. एवढं मला त्यांच्याकडूनच माहीत होतं.

आता ज्या डावासाठी हे सगळं लिहायला बसलो, तो सांगतो.

दसरा होऊन गेला होता. डॉक्टर आणि मॅनेजरसाहेबांनी पानं टाकली होती. सेठचा ड्रायव्हर आला म्हणून ते पानं वाटण्याआधीच व्हरांड्यात गेले होते. सिस्टरनी दोन पानं बदलली. मडावींनीही दोन. सिस्टरनी मूठभर बिल्ले लावले. मडावींनी नवी पानं एकदा पाहिली, टेबलावर उलटी ठेवली आणि हात मांडीवर नेले. मग एक हात वर आला आणि त्यानं समोरचे सगळे बिल्ले पुढे सारले.

वर्षभरात पहिल्यांदा.

सिस्टरसमोर मडावींच्या दुप्पट बिल्ले होते. त्यांनी आपली पानं पुन्हा पाहिली नाहीत. त्या मडावींकडे पाहत होत्या. टक लावून नव्हे. वॉर्डात सकाळी फिरताना रोग्याकडे पाहतात तसं, मान, खांदे, श्वास. बराच वेळ गेला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग सिस्टरनी आपली पाच पानं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमचं आहे, मडावीभाऊ."

मडावींनी ढीग ओढून घेतला. पानं दाखवली नाहीत, दाखवायची गरज नव्हती. दोघांची पानं उलटी माझ्यासमोर आली. बावीस वर्षांत एकदाच मी नियम मोडला, तो तेव्हा. पानं गोळा करताना मी अंगठ्यानं कोपरे उचलले. मडावींकडे चार सत्त्या होत्या.

सिस्टरच्या पानांत तीन एक्के आणि दोन राजे होते.

माझे हात थांबले. ज्यांना पत्ते कळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, असा हात माणसाला वर्षा-दोन वर्षांत एखादा येतो. तो आला की माणूस घर लावेल, पण पानं टाकणार नाही. मी त्या खोलीत शेकडो माणसं पाहिली, निम्म्याचाही हात नसताना छातीवर हात मारून पैसे लावणारी. आणि ही बाई तेवढी पानं हातात असून गुपचूप सरकवून देते, चेहऱ्यावर काही नाही, आणि समोरच्याच्या हातात त्याहून मोठं होतं!  पुढचा डाव मी दोनदा चुकीचा वाटला.

तेवढ्यात सेठ आत आले. बिल्ले कोणाकडे गेले ते पाहिलं आणि म्हणाले, "काय सिस्टर, दया केली वाटते गरिबावर? आदिवासी माणूस, दिवाळी तोंडावर आली. पुण्याचं काम केलं."

मॅनेजरसाहेब हसले. सिस्टर म्हणाल्या, पत्त्यात दया नसते. पण सेठचं वाक्य खोलीत राहिलं. मडावींचा चेहरा मी पाहिला. जिंकलेल्या माणसाचा नव्हता तो. माझ्या जिभेवर शब्द आले होते, की बाबू, तुम्ही खरे जिंकलात. पण मी पत्त्यांच्या खोलीचा माणूस, टाकलेली पानं पाहणारा चोर कसा होणार? मी कॅट पिसत राहिलो.

वाटेवर मात्र मी सिस्टरना म्हणालो की मी पानं पाहिली. त्यांनी हात वर केला.

"त्यायचे पानं सांगू नका."

"तुम्ही बरोबर होता का नव्हता, ऐकायचं नाही?"

"पानं पाहून ते ठरत नाई," त्या म्हणाल्या. "वर्षभर जो माणूस वाढवत नाई, तो आज सगळं लावते. पानं एकदाच पाहिले त्यानं. ज्याचा हात कच्चा असते तो पुन्हा पुन्हा पाहते, बदलले का काय म्हणून. वार्डात जो ओरडते त्याच्यापाशी थोडा वेळ असते, रामटेकेभाऊ. जो एकदम गप्प होते, त्याच्याकडे आधी धावा लागते. मी एवढ्यावर टाकले. त्याच्याकडे काई नसतं, तरी माझं टाकणं बरोबरच होतं."

दवाखान्याचं फाटक आलं आणि त्या आत गेल्या. मी तिथं उभाच राहिलो. मला आजवर हार-जीत कळत होती. बरोबर खेळणं त्याहून वेगळं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

दोन रविवारांनी बोनस झाला. मडावीबाबू आले आणि त्यांनी एवढे बिल्ले मागितले की मला दुसरा डबा उघडावा लागला. त्या दिवशी ते निराळेच होते. प्रत्येक डाव खेळत होते. स्वतःहून वाढवत होते, मोठ्यानं बोलत होते. कुणाची दया नको होती त्यांना, हे मला दिसत होतं, आणि सेठलाही दिसत होतं. सेठनं कधी नव्हे ती पानं टाकायला सुरुवात केली. दोन लहान डाव मडावींना जिंकू दिले, वर शाबासकी दिली आणि म्हणाले की बाबू, तुमचा हात आता बसला, मंगळवारी माझ्या ऑफिसात या, तिथं मोठा खेळ असते. सेठ पत्त्यात कच्चे होते, पण माणूस गळाला लावण्यात कच्चे नव्हते.

सिस्टरनी ते ऐकलं. त्यांनी पातळाचा पदर खोचला.

पुढची चाळीस मिनिटं मला अजून आठवतात. त्या मडावींवर खेळल्या, फक्त मडावींवर. चांगला हात आला की सरळ मोठी चाल, आणि मडावी मोजत गेले. ज्या माणसाला पानं टाकता येत होती तो आता टाकत नव्हता. एकामागून एक ढीग सिस्टरकडे सरकत होते. सिस्टरच्या तोंडावर राग नव्हता, कीवही नव्हती. जखम धुताना त्यांचा चेहरा असा असायचा. शेवटच्या डावात मडावींनी उरलेलं सगळं पुढे लोटलं. सिस्टरकडे नुसत्या दोन जोड्या होत्या. त्यांनी तेवढे बिल्ले लावले. मडावींच्या हातात काहीच निघालं नाही.

"तुम्ही पानं तीनदा पाह्यले, मडावीभाऊ," सिस्टर हळूच म्हणाल्या.

मडावी उठले. चप्पल घालायलाही त्यांना वेळ लागला. सेठ म्हणाले, सिस्टर, तुम्ही तर माझा बकराच कापला. सिस्टरनी बिल्ले मोजायला माझ्याकडे सरकवले.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चालणार नव्हतो. पण रस्ता एकच. फाटकाशी मला राहवलं नाही. मडावींच्या छपराचे पैसे होते, म्हणालो. त्या म्हणाल्या, माहीत आहे. मग काऊन केलं, असं मी आमच्या बोलीतच विचारलं.

"मी नसते घेतले तर सेठनं घेतले असते," त्या म्हणाल्या. "अन् सेठ एकदम नाई घेत. थोडं घेते, थोडं परत देते, पुन्हा बोलावते. थोडं थोडं हरलेला माणूस येत राह्यते. स्टोअरच्या किल्ल्या कोणापाशी आहेत, ते सेठले माहीत आहे. मी एकदाच घेतलं. मी बोलावत नाई."

मडावी मंगळवारी सेठकडे गेले नाहीत. न्यायला काही उरलंच नव्हतं. क्लबातही ते नंतर यायचे ते व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र वाचायला. सिस्टर समोरून गेल्या तर पान उलटायचे. त्या वर्षी त्यांच्या घरावर पुन्हा गवतच पडलं. एका वाक्यानं मी हे सगळं थांबवू शकलो असतो, असं मला तेव्हा वाटायचं, आणि अजून वाटतं. सिस्टरनी ते पैसे कशाला लावले, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, मडावींची बदली झाली, आणि पुढे क्लबाच्या खोलीत टीव्ही आला.

यंदा उन्हाळ्यात मुलीकडे अहेरीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. बियाण्याच्या दुकानासमोर एका पांढऱ्या केसांच्या माणसानं माझा दंड धरला. मडावीबाबू. आम्ही चहाच्या टपरीवर बाकावर बसलो. घरावर कवेलू कधीच झाले होते, मुलगा शिक्षक होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, "दुसऱ्या खेपेचं मले सहा महिन्यातच समजलं. सेठच्या हातून मले सोडवलं सिस्टरनं. माझी बदली झाल्यावर दोन वर्षांनी माझ्याच जागेवरच्या बाबूले सेठपायी स्टोअरच्या चोरीत पोलिसांनी नेलं, तेव्हा तर बायकोनंई कबूल केलं. पण पह्यल्या खेपेचं नाई समजलं. तुम्ही पानं गोळा करत होते. खरं सांगा, दया होती का?"

मी निवृत्त झालो होतो. तरी तोंड उघडायला मला अर्धा पेला चहा लागला. तुमच्याकडे चार सत्त्या होत्या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. सिस्टरकडे तीन एक्के होते, दोन राजे.

मडावी माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पानं मोजत असावेत.

"तीन एक्के," ते म्हणाले. "अन् टाकले?"

"टाकले."

"मी नसते टाकले. कोणीच नसते टाकले." त्यांनी पेला बाकावर ठेवला. मग विचारलं, "कुठी राह्यते आता सिस्टर?"

चंद्रपूरला, धाकट्या मुलीकडे, मी सांगितलं. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आहेत. मडावींनी टपरीवाल्याला चंद्रपूरच्या गाडीची वेळ विचारली. गाडी स्टँडवर लागलीच होती. बाजारातून परतणारा त्यांच्या गावचा एक माणूस रस्त्यानं चालला होता, त्याला हाक मारून त्यांनी बियाण्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

"घरी देजो," ते म्हणाले, "अन् सांगजो, मी उद्या येतो म्हणून."